नंबर तारेवरून उतरला

इंटरनेटवरून फोन घ्या, बिल निम्म्यावर येईल, असे सांगणारे विक्रेते अजूनही ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत असतात. एके काळी त्यांचे म्हणणे खरे होते. परदेशी बोलायचे तर एक डोळा घड्याळावर ठेवावा लागे. रात्री एसटीडीचे दर उतरत, म्हणून पिवळ्या बूथवर जेवणानंतर गर्दी होई. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ बाजारात आले आणि देशातल्या देशात मिनिटामागे पैसे मोजण्याची सवयच मोडली. आता रिचार्ज मारला की महिनाभर हवे तितके बोला. स्वस्ताईचा मुद्दा भारतातल्या बहुतेक धंद्यांपुरता निकालात निघाला आहे. गंमत अशी, की जिओवरचा साधा कॉलही इंटरनेटच्याच पद्धतीने, आवाजाचे तुकडे करून जातो. रस्ता तेवढा कंपनीच्या खासगी मालकीचा असतो.

तरीही दवाखाने, गाड्यांच्या शोरूम, शिकवणी वर्ग, पतसंस्था आपले फोन इंटरनेटवर नेत आहेत. त्यांना काय मिळते, आणि त्याच्या बदल्यात ते काय अंगावर घेतात, हा या पुस्तकाचा विषय. मिळणाऱ्या गोष्टींची रंगीत माहितीपत्रके भरपूर निघतात. अंगावर येणाऱ्या गोष्टी विक्रेता सहसा सांगत नाही, आणि विचारायचे काय हे ग्राहकाला ठाऊक नसते. म्हणून या प्रस्तावनेत मी दुसऱ्या पारड्यात जास्त वजन टाकणार आहे.

जुन्या व्यवस्थेत नंबर म्हणजे तांब्याच्या तारेची एक जोडी होती. एक्सचेंजमधून निघालेली ती जोडी जमिनीखालून, खांबावरून तुमच्या भिंतीपर्यंत येई आणि तिथे संपे. दुकान हलवले की शिफ्टिंगचा अर्ज. नवी जागा दुसऱ्या एक्सचेंजच्या हद्दीत असली की बहुधा नंबरच बदले. चार लाइनी घेऊन हंटिंग करून घेतले की पहिली गुंतलेली असताना दुसरी वाजे. ऑफिस मोठे असेल तर आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणारी ईपीएबीएक्सची पेटी, तिच्यासमोर ऑपरेटर आणि प्रत्येक टेबलाच्या काचेखाली एक्स्टेंशनची यादी. त्याहून मोठ्यांसाठी पीआरआय लाइन, म्हणजे एका जोडणीवर एकाच वेळी ३० कॉल. गैरसोयी पुष्कळ होत्या. पण फोन चालू ठेवणे हे टेलिफोन खात्याचे काम होते, ही सोय इतकी अंगवळणी पडली होती की तिची कोणी दखलही घेत नसे. खरखर झाली, तक्रार नोंदवा. डेड झाला, लाइनमनची वाट पाहा. त्याला चहा पाजा. वीजसुद्धा खात्याची. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच तारेतून येई, त्यामुळे भारनियमनात अख्खे गाव अंधारात असताना फोन मात्र खणखणत असे.

आवाजाचे आकडे करण्याची कल्पना इंटरनेटहून कितीतरी जुनी आहे. ॲलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याने ती १९३७ साली मांडली. सेकंदातून ८,००० वेळा आवाजाची पातळी मोजायची आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहायची, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. जी-७११ या नावाने १९७२मध्ये हाच हिशेब आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरला आणि अजूनही जगभर चालतो. डिजिटल एक्सचेंजमध्येही तोच होता, १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने देशात बनवलेल्या एक्सचेंजमध्येही तोच. तेव्हा इंटरनेट फोनने आवाजाचे आकडे केले असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. आकडे आधीच झाले होते. बदलली ती वाहतूक. एक्सचेंज दोन फोनांच्या मधली वाट कॉल संपेपर्यंत राखून ठेवी. एसटीतल्या आरक्षित सीटसारखे ते होते: माणूस बसो न बसो, सीट त्याचीच. तुम्ही गप्प राहिलात तरी ती वाट दुसऱ्याला मिळत नसे.

इंटरनेटवर काहीच राखून ठेवलेले नसते. बोलणे साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते. प्रत्येक तुकड्यात १६० बाइट आवाज आणि त्याच्या डोक्यावर ४० बाइट पत्ता, क्रमांक, वेळ. असली ५० पॅकेट दर सेकंदाला निघतात आणि वाटेत इतरांच्या ईमेल, सिनेमे, बँकेचे व्यवहार यांच्या गर्दीतून पोहोचतात. एखादे हरवले तर ते पुन्हा मागवत नाहीत. ईमेलमधला हरवलेला भाग पुन्हा मागवला तर चालते. बोलण्यातला शब्द दोन सेकंद उशिरा आला तर त्याचा उपयोग काय? पलीकडचे यंत्र ती फट अंदाजाने बुजवते आणि पुढे जाते. थोडी पॅकेट गळली तर कान ओळखतही नाही. जास्त गळू लागली की माणूस विहिरीतून बोलतोय असे वाटते.

हे सामान्य माणसाच्या हाती आले १९९५मध्ये. व्होकलटेक या इस्रायली कंपनीने त्या वर्षाच्या फेब्रुवारीत 'इंटरनेट फोन' नावाचे सॉफ्टवेअर विकायला काढले. दोन्हीकडे संगणक, साउंड कार्ड, मॉडेम आणि तेच सॉफ्टवेअर हवे. आवाज तुटक येई, पण मिनिटाचे पैसे पडत नसत. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात लोकांसाठी इंटरनेट खुले केले. परदेशी कॉलची मक्तेदारीही याच निगमकडे होती आणि मोठी कमाई त्यातूनच येत होती. निगमने विकलेल्या इंटरनेटवरून बोलायला मात्र मनाई होती, यात नवल नाही. मनाई उठली १ एप्रिल २००२ला. परदेशी कॉलची मक्तेदारीही तेव्हाच संपली. परवानगीत मेख होती. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला. भारतातल्या फोनवर बोलायचे नाही. ही मेख जवळजवळ १६ वर्षे टिकली. जून २०१८मध्ये सरकारने परवान्यांच्या अटी स्पष्ट केल्या. टेलिफोन कंपन्यांना इंटरनेटवर चालणाऱ्या फोनसाठी नंबर देता येऊ लागला, आणि पुढच्याच महिन्यात बीएसएनएलने वर्षाला १,०९९ रुपयांत 'विंग्स' आणले. विंग्सचा फार बोलबाला झाला नाही. पण मोबाइलला रेंज नाही आणि वायफाय आहे अशा जागी वाजणारा भारतीय नंबर तेव्हा पहिल्यांदा कायदेशीरपणे हाती आला.

दरम्यान तंत्राची खरी घडी अमेरिकेत बसत होती. हेनिंग शुल्झरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेली एसआयपी, म्हणजे आपल्याकडे सगळे 'सिप' म्हणतात ती पद्धत, १९९९मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००२मध्ये तिला आजचे रूप आले. ती आवाज वाहून नेत नाही. कोण कुठे आहे, कोणाला बोलवायचे, घंटा वाजतेय का, उचलला का, ठेवला का, एवढेच ती पाहते. वेबच्या धर्तीवर रचल्यामुळे तिचे सांकेतिक आकडेही ओळखीचे आहेत: न सापडलेल्या पानाला ४०४ येतो, तसा न सापडलेल्या फोनलाही ४०४. याच सुमारास मार्क स्पेन्सर या अलाबामातल्या तरुणाने लिनक्सची मदत पुरवणारी छोटी कंपनी काढली होती. ईपीएबीएक्स विकत घेणे परवडेना, तेव्हा त्याने १९९९मध्ये स्वतःच ते सॉफ्टवेअरच्या रूपात लिहिले आणि 'ॲस्टेरिस्क' नावाने जगाला खुले करून दिले. भिंतीवरच्या पेटीचे काम त्यानंतर कुठल्याही साध्या संगणकावर होऊ लागले. आज 'क्लाउड टेलिफोनी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी सेवांच्या पोटात ॲस्टेरिस्क किंवा त्याचे भाऊबंद आहेत.

या सिपमुळेच नंबर तारेवरून उतरला. फोन चालू झाला की तो सर्व्हरला कळवतो: मी एक्स्टेंशन २०४, सध्या या पत्त्यावर आहे. ठरावीक वेळाने तो ही हजेरी पुन्हा लावतो. नंबर म्हणजे आता हजेरीपटावरची एक नोंद आहे. २०४ सांगलीच्या टेबलावर आहे, ठाण्याच्या घरी लॅपटॉपमध्ये आहे की वसुलीला निघालेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये, याने सर्व्हरला फरक पडत नाही. दुकानाच्या पाटीवर एकच नंबर. सकाळी तो काउंटरवर वाजतो, दुपारी मालक जेवायला गेला की भाच्याकडे; दवाखान्याचा असेल तर रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे. कोणाचा फोन कधी आला, कोणी उचलला, कोणाचा राहून गेला, याची नोंद आपोआप होते. माझ्या मते सगळ्या फायद्यांत वजनदार हाच आहे: राहून गेलेल्या फोनांची यादी. मोबाइलवर चालणाऱ्या धंद्यात ती यादी नोकराच्या खिशात असते, आणि नोकरी सोडताना तो ग्राहकांसकट ती घेऊन जातो.

बाकीची करामत, म्हणजे संगीत, 'अमुकसाठी एक दाबा', आवाजी स्वागत, मला तितकी भुरळ घालत नाही. दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात सहा पर्यायांचा मेनू कशाला? दाढदुखीने बेजार झालेला माणूस पहिल्या पर्यायालाच फोन ठेवतो. मेनू ठेवायचाच तर तो छोटा ठेवा, आणि महाराष्ट्रात मराठी पहिल्या बटणावर ठेवा. तिसऱ्या बटणापर्यंत गिऱ्हाइकाला थांबवू नका.

आता अंगावर येणाऱ्या गोष्टी. पहिली आवाजाची प्रत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक असा, की आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा. जास्त उशीर झाला की दोघे एकदम बोलतात, एकदम थांबतात. नारायणगावजवळ आर्वीला १९७१मध्ये उपग्रह भूकेंद्र झाले. त्या काळी अमेरिकेतल्या मुलाशी उपग्रहावरून बोलणाऱ्या आईवडिलांना हा अनुभव पाठ होता, कारण ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यायला आवाजाला पाव सेकंद लागे. आज तो उशीर उपग्रहाचा नसतो, तुमच्याच राउटरचा असतो. एका कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला शंभर किलोबिटही लागत नाहीत. एकाच वेळी दहा जण बोलत असले तरी प्रत्येक दिशेने एक मेगाबिटमध्ये भागते. मग शंभर मेगाबिटच्या फायबरवर आवाज का तुटतो? कारण त्याच क्षणी सीसीटीव्हीचे चित्रण क्लाउडवर चढत असते, किंवा अकाउंटंटने वर्षाच्या फायली पाठवायला घेतलेल्या असतात, आणि आवाजाची चिमुकली पॅकेट राउटरच्या रांगेत त्यांच्यामागे ताटकळतात. आवाजाला रांगेत पुढे घेण्याची सोय चांगल्या राउटरमध्ये असते, पण ती कोणीतरी चालू करावी लागते. खाते करणार नाही. इंटरनेटवाला म्हणेल स्पीड बरोबर आहे, फोनवाला म्हणेल सर्व्हर बरोबर आहे. दोघेही खरे बोलत असतील.

दुसरी गोष्ट वीज. तारेतून येणारे ४८ व्होल्ट गेले. आता फायबरची पेटी, राउटर, स्विच आणि फोन या चौघांना वीज हवी, आणि यूपीएसवर बहुतेक ठिकाणी संगणकच असतो. वीज गेल्यावर येणारे कॉल आपोआप एखाद्या मोबाइलकडे वळवण्याची सूचना सर्व्हरवर आधीच देऊन ठेवता येते. ती देऊन ठेवा.

तिसरी गोष्ट चोरीची, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. जुन्या डायलच्या फोनला लोक छोटे कुलूप लावत, म्हणजे शेजारी एसटीडी करणार नाही. इंटरनेटवरच्या ईपीएबीएक्सला जगभरचे शेजारी असतात. सिपचे नेहमीचे दार ५०६० क्रमांकाचे. ते कुठे उघडे आहे हे शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. एक्स्टेंशन १०० आणि पासवर्डही १०० असे जिथे सापडते तिथे ते आत शिरतात आणि शनिवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत कुठल्यातरी दूरच्या देशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लावत राहतात. त्या नंबरांच्या कमाईत त्यांचा वाटा असतो. कॉल तुमच्या लाइनीवरून गेलेले असल्याने बिल तुमच्या नावे येते. उपाय कंटाळवाणे पण पुरेसे आहेत: लांब पासवर्ड, परदेशी कॉल बंद, दिवसाच्या खर्चाला मर्यादा, आणि सर्व्हरचे दार ओळखीच्या पत्त्यांनाच उघडे.

हेच तंत्र दुसऱ्यांना लुबाडायलाही वापरता येते. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुले अमेरिकेच्या आयकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या नागरिकांना धमकावत होती, तीही इंटरनेट कॉलवरून. दाखवायचा नंबर ही सर्व्हरवरची एक ओळ असते, आणि नियंत्रण नसेल तर ती काहीही लिहिता येते. परदेशातून येऊन +९१चा मुखवटा लावणारे कॉल अडवणारी केंद्रीय यंत्रणा आपल्याकडे ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली. प्रामाणिक धंद्यालाही याची झळ बसते. जाहिरातीचे कॉल १४०च्या मालिकेतून, बँका-विम्याचे सेवा कॉल १६०च्या मालिकेतून करायचे, हे नियम त्यालाही पाळावे लागतात. साध्या दहा आकडी नंबरावरून धडाधड विक्रीचे कॉल केले तर नंबर बंद होऊ शकतो.

कायद्याच्या प्रकरणात वाचकांनी एक संज्ञा नीट समजून घ्यावी: टोल बायपास. समजा तुमची पुण्यात आणि नागपुरात ऑफिसे आहेत. दोन्ही ऑफिसांतल्या माणसांनी आपल्या खासगी जाळ्यावरून एकमेकांशी बोलण्याला हरकत नाही. पण पुण्यातल्या ग्राहकाचा फोन पुण्याच्या लाइनीवर घेऊन, आपल्या इंटरनेटवरून नागपूरला नेऊन, तिथल्या लाइनीने नागपूरच्या तिसऱ्या माणसाला जोडून दिलात, तर तुम्ही विनापरवाना टेलिफोन कंपनी चालवलीत असे धरले जाऊ शकते. परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून सिमकार्डांच्या पेटीतून स्थानिक म्हणून सोडणारी बेकायदा एक्सचेंज हा याचाच मोठा, गुन्हेगारी अवतार. १८८५च्या तार कायद्याच्या जागी आलेल्या दूरसंचार अधिनियम, २०२३मध्ये विनापरवाना सेवेला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

कॉल सेंटरांचे ओझे मात्र हलके झाले. पूर्वी त्यांना नोंदणी, बँक हमी, जागेचा नकाशा असे बरेच सोपस्कार होते. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर घरून काम करण्याच्या अटी शिथिल झाल्या, नोव्हेंबर २०२०मध्ये नोंदणीच रद्द झाली आणि जून २०२१मध्ये नियम आणखी सैल झाले. एका साथीने जे घडवले ते उद्योगाला वर्षानुवर्षे अर्ज करून जमले नव्हते. कॉल ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदाही वाचावा. ग्राहकाचा आवाज हा त्याचा डेटा आहे.

तातडीच्या कॉलबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. टेक्सासमधल्या एका हॉटेलात डिसेंबर २०१३मध्ये एका महिलेवर जीवघेणा हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून पुन्हा पुन्हा ९११ लावला. तो लागला नाही, कारण बाहेरच्या कॉलसाठी आधी ९ दाबावा लागतो हे तिला माहीत नव्हते. त्या महिलेच्या नावाने ओळखला जाणारा कायदा अमेरिकेत २०१८मध्ये झाला: ऑफिस-हॉटेलांच्या फोनवरून ९११ थेट लागलाच पाहिजे. तुमच्या ऑफिसातून ११२ लावायला आधी शून्य दाबावा लागतो का, हे आजच तपासा. आणि लागला तर पलीकडे पत्ता कोणता दिसेल? फोन नागपुरात आणि नंबर पुण्याचा असेल, तर गाडी पुण्यात निघू शकते. तारेच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. तार कुठे संपते हे खात्याला ठाऊक असे.

हे सगळे वाचून कोणी घाबरून जुन्या लाइनीला चिकटून बसावे, असा हेतू नाही. तांब्याची जाळी विरत चालली आहेत, चिकटून बसायला ती राहणार नाहीत. ज्याच्याकडे एकच माणूस आणि दिवसाला दहा फोन, त्याने मात्र मोबाइलवरच राहावे. तीन-चार माणसे एकाच नंबराला उत्तरे देऊ लागली, किंवा दुसरी शाखा निघाली, की पुढची प्रकरणे कामाला येतील. लेखकाने दुकानदाराला समजेल अशा बेताने ती लिहिली आहेत. राउटरच्या प्रकरणातल्या आकृत्या इंटरनेटवाल्याला समोर बसवून दाखवाव्यात इतक्या स्पष्ट आहेत.

करार करण्यापूर्वी एक गोष्ट बघाच, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. मोबाइल नंबर कंपनी बदलताना सोबत नेता येतो. २०११च्या जानेवारीपासून देशभर ही सोय आहे. लँडलाइनच्या नंबराला ती नाही. सिप लाइनीवर मिळणारा नंबरही बहुतेक वेळा लँडलाइनच्याच मालिकेतला असतो, टेलिफोन कंपनीने दिलेला, आणि मध्ये क्लाउडवाला विक्रेता. तो नंबर कागदोपत्री तुमच्या नावावर आहे की विक्रेत्याच्या? विक्रेता बदललात, किंवा तो धंदाच बंद करून गेला, तर पाटीवर रंगवलेला, बिलबुकावर छापलेला, गुगलवर नोंदवलेला नंबर कोणाकडे राहील? करारातली ती ओळ बोट ठेवून दाखवा, असे विक्रेत्याला सांगा. ओळ नसेल तर लिहून घ्या, आणि लिहून देईपर्यंत आगाऊ रकमेचा चेक फाडू नका.